कोटीची पोच

२०१५ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. आमच्या ऑफिसात एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने तपासून द्यायचा असा रिवाज आहे. त्या दिवशी माझ्याकडे आलेल्या कामात एक ओळ अशी होती की तिचा कशाशीच संबंध लागेना. वेबसाइट आपल्या संगणकाकडे पान पाठवते, तेव्हा त्याआधी काही सूचना पाठवते. पान किती लांब आहे, कोणत्या भाषेत आहे, असल्या. वाचणाऱ्याला त्या कधी दिसत नाहीत. या सूचनांमध्ये माझ्या सहकाऱ्याने 'एक्स-क्लॅक्स-ओव्हरहेड' असं नाव देऊन त्यापुढे 'जीएनयू टेरी प्रॅचेट' एवढंच लिहिलं होतं. ती ओळ काहीही काम करत नव्हती. मी नियमाप्रमाणे शेरा मारला, 'निरुपयोगी. काढून टाकावी.' सहकारी एरवी प्रत्येक शेऱ्यावर वाद घालणारा, त्या दिवशी मात्र गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक जाडसर पेपरबॅक ठेवलेलं होतं. 'गोइंग पोस्टल', लेखक टेरी प्रॅचेट. आत चिठ्ठी, 'आधी हे वाच, मग काढ.'

ती ओळ मी काढली नाही. का काढली नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

इथे वाढलेल्या मुलांना प्रॅचेट (१९४८–२०१५) हे नाव सांगावं लागत नाही. आपल्यापैकी जे पंचविशीनंतर या देशात आले, त्यांच्यासाठी थोडी ओळख. सुरुवातीला हा गृहस्थ स्थानिक वर्तमानपत्रात बातमीदार होता. मग १९८० ते १९८७ सरकारी वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी. अणुवीज केंद्रांबद्दल लोकांना 'काळजीचं कारण नाही' असं सांगण्याच्या नोकरीत विनोदबुद्धी शाबूत ठेवणं हीसुद्धा एक कामगिरीच म्हणायची. १९८३ साली त्याच्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेतली पहिली कादंबरी आली आणि पुढे अशा एक्केचाळीस झाल्या. हे जग थाळीसारखं सपाट, चार हत्तींच्या पाठीवर टेकलेलं, आणि ते हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर उभे. दिग्गज आणि कूर्म ज्यांना आजीने सांगितले, त्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. या पुस्तकांच्या कोट्यवधी प्रती खपल्या, आणि तो शब्द इथे दोन्ही अर्थांनी खरा आहे. प्रॅचेट शाब्दिक कोट्या करतो, ओळीओळीला करतो, शिवाय तळटीपांत करतो.

आता कोटीविषयी आपलं मत फारसं चांगलं नसतं. शाळेत बाईंनी सांगितलेलं असतं की शाब्दिक कोटी ही विनोदाची सर्वांत खालची पायरी. इंग्रजांचंही मत तेच. कोटी ऐकली की ते कण्हतात, आपण कपाळाला हात लावून 'काय हे!' म्हणतो. पण आपलं वागणं काही या मताशी जुळत नाही. कोट्यांसाठी प्रसिद्ध असलेले राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पु. ल. देशपांडे जन्मले, त्यांना तर आपण कौतुकाने 'कोट्यधीश'च म्हणत आलो. त्याही मागे गेलं तर संस्कृतात श्लेष हा मानाचा अलंकार. सुबंधूच्या 'वासवदत्ता' या गद्यकथेत स्वप्नात दिसलेली राजकन्या आहे, जादूचा घोडा आहे, शापाने शिळा होणारी नायिका आहे, आणि अक्षराअक्षरात श्लेष असल्याची बढाई लेखकाने स्वतःच मारली आहे. म्हणजे कोट्यांनी भरलेली अद्भुत कादंबरी हे काही साहेबाचं नवं खूळ नव्हे. आपल्याकडे ते तेराचौदाशे वर्षांचं जुनं आहे.

असो. 'गोइंग पोस्टल' २००४ सालचं. गोष्ट अशी. मॉइस्ट फॉन लिपविग नावाचा एक गोडबोल्या ठग. खोटे रोखे, खोटी सोनसाखळी, खोटी नावं यांवर जगणारा. तो पकडला जातो, फासावर चढतो आणि शुद्धीवर येतो तो शहराच्या सत्ताधीशासमोर. सत्ताधीश त्याला दोन पर्याय देतो. एक, बंद पडलेलं पोस्ट खातं चालवून दाखव. दोन, त्या दारातून खुशाल बाहेर जा. दारापलीकडे जमीन नाही, खोल खड्डा आहे. मॉइस्ट पोस्टमास्तर होतो. इमारतीत वर्षानुवर्षं न वाटलेली पत्रं छतापर्यंत साठलेली. नोकर दोनच. एक 'ज्युनियर पोस्टमन', म्हातारा झाला तरी बढती न मिळाल्याने ज्युनियरच राहिलेला. दुसरा पोरगा, टाचण्यांचा संग्रह करण्याचं वेड असलेला. तळघरात टपाल वर्गीकरणाचं एक यंत्र आहे. त्यातल्या चाकाचा परीघ व्यासाच्या बरोबर तिप्पट आहे, आणि गणिताची अशी मोडतोड केल्यामुळे त्या यंत्रातून अजून लिहिली न गेलेली पत्रंही बाहेर पडतात. आम्हा इंजिनियर लोकांनी आयुष्यभर पायची किंमत किती दशांश स्थळांपर्यंत घ्यायची यावर डोकं घालवलेलं असतं. इथे पायच मोडून टाकलेला.

पोस्टाचा प्रतिस्पर्धी म्हणजे 'क्लॅक्स'. डोंगराडोंगरांवर मनोरे, मनोऱ्यांवर उघडझाप करणाऱ्या झडपा, आणि त्यांच्या खुणांनी भराभर पुढे जाणारा निरोप. ही नुसती कल्पना नव्हे. १७९६ पासून लंडनहून ब्रिटिश आरमाराचे निरोप असल्याच झडपांनी जात. वेम्बलीपासून थोड्या अंतरावर, हॅम्पस्टेडजवळच्या एका टेकडीला अजून टेलिग्राफ हिल म्हणतात, ती यार्मथच्या मार्गावरची चौकी. आपल्याकडे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमपासून चुनारपर्यंत मनोऱ्यांची अशीच रांग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारली होती. कादंबरीतली क्लॅक्स ज्यांनी बांधली त्या इंजिनियर मंडळींकडून काही सावकारांनी ती कागदोपत्री लबाडीने लाटली आहे. नफ्यासाठी देखभाल बंद, कामगारांना विश्रांती नाही, आणि मनोऱ्यांवरून माणसं पडून मरताहेत.

हे पुस्तक मी त्या वर्षी वाचलं आणि खरं सांगायचं तर पहिल्या शंभर पानांत मला फारसं हसू आलं नाही. इंग्रजीत माझी पीएच.डी. झाली, इंग्रजीत मी पगार मिळवते, पण कोटी ही भाषेच्या सीमेवरची शेवटची तपासणी चौकी असते. तिथे पासपोर्ट चालत नाही, बालपण दाखवावं लागतं.

त्या उन्हाळ्यात माझे बाबा वेम्बलीला आले होते. मिरजेच्या तार ऑफिसात त्यांनी उमेदीची वर्षं काढली, सुरुवातीला मोर्सच्या कट्ट-कडकट्टवर. त्यांच्या खात्याची तार जुलै २०१३ मध्ये देशभर कायमची बंद झाली, तेव्हा ते दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. रात्री जेवणानंतर मी पुस्तकातली गोष्ट त्यांना मराठीत सांगायची, आणि माझी तेव्हा नऊ वर्षांची मुलगी मध्येमध्ये पान ओढून घेऊन मोठ्याने वाचायची. एका पुस्तकाचे तीन वाचक. आणि गंमत अशी की तिघांना हसू वेगवेगळ्या ठिकाणी येई.

क्लॅक्स लुबाडणारा खलनायक रीचर गिल्ट. त्याच्या खांद्यावर काकाकुवा, आणि तो सारखा ओरडतो, 'साडेबारा टक्के!' मी म्हटलं, कमिशन असेल. मुलगी खुर्चीवरून पडायच्या बेताला आली. "आई, पीसेस ऑफ एट!" १८८३ सालच्या 'ट्रेझर आयलंड'मधल्या लाँग जॉन सिल्व्हरचा पोपट ज्या स्पॅनिश नाण्यांच्या नावाने ओरडतो, ती आठ रियालची नाणी. एकाचे आठ भाग केले की एक भाग साडेबारा टक्के. सिल्व्हर म्हणजे चांदी, गिल्ट म्हणजे सोन्याचा मुलामा. चाचा जाऊन सावकार आला, पोपट तोच. भागाकार मला येत होता, पोपट येत नव्हता. तिला पोपट येत होता, भागाकार ती नंतर शिकली.

'ग्रँड ट्रंक' हे क्लॅक्सच्या मुख्य मार्गाचं नाव आलं, तेव्हा बाबा हसले. आपल्या पिढ्यांना ट्रंक म्हणजे ट्रंक कॉल, ट्रंक म्हणजे ग्रँड ट्रंक रोड, आणि ट्रंक म्हणजे पलंगाखालची पत्र्याची पेटी. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. आणि मनोऱ्यांवर बंड करणाऱ्या तिघा पोरांच्या टोळीचं नाव 'स्मोकिंग ग्नू' असं आलं, तेव्हा एकटी मी हसले. 'गन'ची अक्षरं फिरवून 'ग्नू' केलेला, तो एक प्राणी. पण ते आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं जुनं दैवतही आहे. १९८३ मध्येच रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाला हे नाव दिलं. त्याचा विस्तार 'ग्नू इज नॉट युनिक्स'. त्यातल्या 'ग्नू'चा विस्तार करा, पुन्हा तेच. कधी न संपणारं.

मला या पुस्तकाची किल्ली सापडली ती इथे. माझ्या पीएच.डी.चा विषय निरोपातल्या चुका दुरुस्त करणारे संकेत हा होता. त्या शास्त्राचा पहिला धडा असा की दोन वेगळ्या निरोपांना एकच संकेत कधी देऊ नये, नाहीतर घेणाऱ्याचा घोटाळा होतो. कोटी हा नियम मुद्दाम मोडते. एका संकेतात दोन निरोप पाठवते आणि दोन्ही पोचावेत अशी अपेक्षा धरते. त्यासाठी पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे एकच संकेतवही हवी. ती आहे की नाही हे समोरच्याच्या चेहऱ्यावर कळतं. तो हसेल, कण्हेल, कपाळावर हात मारेल, त्या सगळ्याचा अर्थ एकच, 'निरोप मिळाला.' मराठीत याला पोस्टाचाच शब्द आहे, पोच. आणि एखाद्याला समज नसली तर आपण म्हणतो, 'त्याला पोच नाही.' कोटीला दोन्ही प्रकारची पोच लागते. समीक्षक कोटीला हलकी म्हणतात ते ती सोपी म्हणून. पण ती सोपी नसते, ती परावलंबी असते. वाचकाने निम्मं काम केलं नाही तर ती पानावर मरून पडते.

प्रॅचेटचं मोठेपण मला यात दिसतं की तो कोटी करून पुढे जात नाही, तिला खरी मानून तिच्यावर घर बांधतो. साठलेली पत्रं 'आम्हाला पोचवा' म्हणून खरोखर कुजबुजू लागतात. टाचण्या जमवणारा पोरगा तिकिटं निघाल्यावर जगातला पहिला तिकीटसंग्राहक होतो. आणि मुख्य म्हणजे ते 'जीएनयू'. मनोऱ्यावर मेलेल्या एका तरुणाचं नाव त्याचे सोबती क्लॅक्सवरून पाठवत राहतात. नावाआधी तीन अक्षरांची खूण. 'जी' म्हणजे पुढे पाठवा. 'एन' म्हणजे वहीत नोंद करू नका. 'यू' म्हणजे मार्ग संपला की मागे फिरवा. त्यामुळे मनोरे उभे आहेत तोवर ते नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहतं, आणि ज्याचं नाव अजून घेतलं जातं तो पुरता मेलेला नसतो, अशी त्या लोकांची श्रद्धा. अशा खात्यांतर्गत निरोपांना कादंबरीत 'ओव्हरहेड' म्हणतात. आमच्या धंद्यात ओव्हरहेड म्हणजे निरोपावरचा जादा बोजा, जो होईल तितका कमी करायचा असतो.

मी हे सांगितलं तेव्हा बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अगं, रात्रपाळीला लाइन मोकळी असली की आम्हीही एकमेकांची विचारपूस करायचो. पण रोजच्या रोज एक नाव फुकट पाठवायचं म्हणजे... ऑडिटवाला गप्प कसा बसला?"

"बाबा, म्हणून तर 'एन'. नोंदच नाही."

ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. एका इंग्रज लेखकाच्या विनोदाला मिरजेच्या तारबाबूने दिलेली ती पोच.

जगभरच्या वाचकांनी दिलेली पोच तर ऑफिसात मी निरुपयोगी ठरवलीच होती. १२ मार्च २०१५ रोजी प्रॅचेट गेला. २००७ पासून त्याला अल्झायमर होता, तरी त्याचं लिहिणं चालू होतं. तो गेल्यावर वाचकांनी त्याचं नाव त्याच्याच खुणेसह आपापल्या वेबसाइटच्या अदृश्य सूचनांत घातलं. त्या जूनमध्ये नेटक्राफ्ट या कंपनीच्या मोजणीत अशा सुमारे ८४ हजार वेबसाइट निघाल्या. साहित्याला वाचकांचा प्रतिसाद म्हणजे परीक्षण, पुरस्कार, खप एवढंच आपण धरतो. इथे वाचकांनी कादंबरीतला एक विनोद उचलला आणि त्याची तिलांजली केली, कुणाला दिसणार नाही अशा जागी.

त्याच वर्षी ऑगस्टअखेर 'द गार्डियन'चे कलासमीक्षक जोनाथन जोन्स यांनी प्रॅचेट हा काही साहित्यातला प्रतिभावंत नव्हे असा लेख लिहिला, आणि आपण त्याची एकही कादंबरी वाचलेली नाही हेही त्यात सांगून टाकलं. वाचक खवळले. जोन्स यांनी मग 'स्मॉल गॉड्स' वाचली आणि पुन्हा लिहिलं, की करमणूक खरी, कला बेताची. उलट बुकर मिळवलेल्या ए. एस. बायट वर्षानुवर्षं प्रॅचेटची बाजू घेत आल्या. माझं मत बायट यांच्याकडे झुकतं, पण खवळणाऱ्या भक्तांइतकंही नाही. 'गोइंग पोस्टल'मध्ये दोष आहेत. नायिकेचं नाव अ‍ॅडोरा बेल, म्हणजे उच्चारात 'अ‍ॅडोरेबल', आणि स्वभाव त्याच्या नेमका उलट. ही कोटी एकदा बरी वाटते, पण तिच्या संतापामागे तिचं मन किती दिसतं? फारसं नाही. शेवटी नायकाची सुटका त्याच्या ठगविद्येनेच होते आणि लेखक त्याला जरा लवकर माफ करतो. आणि खलनायक इतका उघड, की त्याला ओळखायला पोपटाचीही गरज नाही.

हा शेवटचा दोष मला अलीकडे जास्त टोचतो. या देशाच्या खऱ्याखुऱ्या पोस्टाचं होरायझन प्रकरण आपण सगळ्यांनी पाहिलं. १९९९ ते २०१५ या काळात सदोष संगणकप्रणालीच्या आकड्यांवर विसंबून ९०० हून अधिक पोस्टचालकांना गुन्हेगार ठरवलं गेलं. त्यांत आपल्या उपखंडातून आलेली किती तरी कुटुंबं, दुकानाच्या काउंटरमागे आयुष्य घातलेली. जानेवारी २०२४ मध्ये टीव्हीवर मालिका आली तेव्हा देश जागा झाला, आणि त्याच वर्षी कायदा करून शिक्षा रद्द झाल्या. त्या खऱ्या गोष्टीत कुणाच्या खांद्यावर पोपट नव्हता. बैठका होत्या, अहवाल होते, आणि 'संगणक चुकत नाही' असं म्हणणारी सभ्य माणसं होती.

पण हेही प्रॅचेटने लिहून ठेवलं आहे, फक्त ते खलनायकाच्या तोंडी नाही. मॉइस्ट म्हणतो, मी कधी कुणावर हात उचलला नाही. त्याच्यावर पहारा ठेवणारा मातीचा पुतळा शांतपणे सांगतो की तू २.३३८ माणसं मारली आहेस. फसवलेल्यांचं बुडालेलं धंदापाणी, गेलेल्या नोकऱ्या, उपासमार, सगळ्यांचा वाटा वाटा धरून काढलेला हिशेब. पहिल्यांदा वाचताना मी त्या दशांश चिन्हाला हसले होते. आता हसू येत नाही. कुणाच्या तरी घरापर्यंत जाणारे आकडे बनवणं हा माझा धंदा आहे, आणि माझ्या चुकांचा असा हिशेब कुणी मांडलेला नाही, एवढंच.

हे पुस्तक मराठीत करता येईल का? बाबा आणि मी एक संध्याकाळ हा खेळ खेळलो. नावापासूनच अडलं. 'गोइंग पोस्टल' म्हणजे अमेरिकन बोलीत माथेफिरूपणा. 'पोस्टल' ठेवलं तर माथं जातं, माथं ठेवलं तर पोस्ट जातं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "अहो ठगराव, तुम्ही असे पोस्टावर टपाल, तर टपाल पोचेल कसं?" प्रॅचेटला ही कोटी सुचणं शक्य नव्हतं, कारण ती त्याच्या भाषेत नाही. कोटीचं भाषांतर होत नाही; तिला नव्या घरी पुन्हा जन्म घ्यावा लागतो.

आणखी एक. कादंबरीत पोस्टाच्या दर्शनी भिंतीवरच्या ब्रीदवाक्यातली काही अक्षरं चोरीला गेलेली आहेत. इंग्रजीत 'लेटर' म्हणजे पत्र आणि 'लेटर' म्हणजे अक्षर. सगळं पुस्तक या एका श्लेषावर उभं आहे, पत्रंही हरवलेली आणि अक्षरंही. मराठीत हा श्लेष जातो. पण मराठीत उरतं काय? अक्षर. अ-क्षर, जे नाश पावत नाही ते. मनोऱ्यांवरून फिरत राहणाऱ्या त्या नावाला याहून नेमका शब्द प्रॅचेटच्या भाषेत नाही, आपल्या भाषेत आहे.

बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये सांगलीच्या इस्पितळात गेले. ते दिवस तुम्हाला आठवत असतील. मला जाता आलं नाही, फोनवर सगळं पाहिलं. नंतर एका रात्री मी माझ्या घरच्या छोट्या सर्व्हरच्या सूचनांत त्यांचं नाव घालायला बसले. तिथे देवनागरी सरळ चालत नाही. नावातल्या प्रत्येक अक्षराची, काना-मात्रेचीसुद्धा, रोमन लिपीतली नऊ-नऊ चिन्हं करावी लागतात. रोमनमध्ये नाव थोडक्यात बसलं असतं. मी देवनागरीच ठेवलं. ओव्हरहेड बराच झाला. ऑडिटवाला कुणी नाही.

मुलगी आता युनिव्हर्सिटीत आहे. सुट्टीत घरी आली असताना तिने ती ओळ पाहिली, चिन्हं उलगडून नाव वाचलं आणि मला म्हणाली, "आई, यात आजोबांचं 'टपाल' कसं बसवायचं?" ती कोटी तिला नवव्या वर्षी कळली नव्हती. कधी कळली, ते मी विचारलं नाही.

पुस्तक ईलिंग रोडच्या लायब्ररीतून मागवता येईल. मुलांबरोबर वाचा, आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही गोष्ट सांगा. एकट्याने वाचलंत तर निम्म्या कोट्या परत जातील, 'मालक पत्त्यावर नाही' असा शेरा घेऊन.